स्वतःचंच गाणं ऐकू येईनासं झालं तर काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगतो, कारण ही अडचण आली की ती आलीय हेच पहिले चार दिवस कळत नाही.

रात्री मिक्स (सगळी वाद्यं आणि आवाज तोलून एकत्र केलेलं गाणं) एकदम भारी वाटतो, सकाळी चहा घेताना लावला की तोच ऐकवत नाही. फाईलचं नाव फायनल ७ झालंय आणि फायनल ३ बरं होतं का, हे छातीठोक सांगता येत नाही. ढोलकी अर्धा डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) वर, परत अर्धा डीबी खाली, यात तास जातोय. दुसरा अंतरा लांबलाय का, याचं उत्तर काल एक होतं आणि आज दुसरंच आहे. कुणी म्हटलं शब्द कळंनात, तर राग येतो, कारण तुम्हाला तर अक्षर न् अक्षर स्वच्छ ऐकू येतंय. आणि सगळ्यात पक्कं लक्षण, गाणं लावलं की गाणं ऐकू येतच नाही, नुसते ट्रॅक ऐकू येतात, इथं पेटी आली, इथं तो कट आहे, इथं मी श्वास काढून टाकलाय, असं.

यातलं दोन-तीन जुळत असेल तर पुढचं वाचा. मी बेळगावच्या वडगावात घरच्याच एका खोलीत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. भजनी मंडळं येतात, गणपतीच्या मंडळांची गाणी असतात, शिवजयंतीच्या चित्ररथाला लागणारे ट्रॅक असतात आणि स्वतः लिहून चाली लावणारी पोरंपोरी पेनड्राइव्ह घेऊन येतात. हा एकच बिघाड मी स्वतःमध्ये आणि त्यांच्यामध्ये इतक्यांदा बघितलाय की तपासायचा क्रम ठरून गेलाय. आणि एक गोष्ट पक्की कळलीय, "चल, आता मी तटस्थपणे ऐकतो" असं मनाशी ठरवून काहीही होत नाही. कान ठरवून परका होत नाही. आवाज, वेळ, जागा, सोबत बसलेलं माणूस, यातलं काहीतरी बदलावं लागतं, मग तो आपसूक होतो. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी काहीतरी बदलायलाच सांगितलंय.

आधी आवाज बारीक करा

पैसे शून्य, वेळ दहा सेकंद. शेजारी बसलेला माणूस साध्या आवाजात बोलला तर ऐकू येईल इतका आवाज खाली आणा. आपल्या कानाला बारीक आवाजात खालचा बेस आणि वरची झिलई दोन्ही कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की दोन्ही वर येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून आलेख काढून ठेवलेत. त्यामुळं काहीही मोठ्यानं लावलं की भरदारच वाटतं, चांगलं असो वा नसो. बारीक आवाजात शब्द, चाल आणि ठेका तिन्ही टिकले तर सांगाडा बरोबर आहे. शब्द बुडाले तर ते मोठ्या आवाजातही बुडालेलेच होते, फक्त जाणवत नव्हते.

यातलाच दुसरा भाग म्हणजे रेफरन्स. आपलं गाणं बाजारातल्या तयार गाण्याशी लावून बघायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण आवाज सारखा न करता बघतात आणि मग निराश होऊन सगळ्यावर कम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबणारं साधन) ओततात. समजा आपला मिक्स -१८ एलयूएफएसवर (गाणं सरासरी किती मोठं वाजतं त्याचं माप) आहे आणि ते गाणं -९ वर, म्हणजे नऊ डीबीचा फरक आहे. तर रेफरन्सचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) नऊ डीबी खाली ओढा. आपला वर नाही ढकलायचा, रेफरन्स खाली आणायचा. मोजायला यूलीनचं लाउडनेस मीटर फुकट मिळतं. आवाज सारखा झाला की अर्ध्याहून जास्त वेळा असं दिसतं की आपलं गाणं वाटलं तेवढं वाईट नव्हतं आणि जिथं खरंच कमी आहे ती एकच जागा उघडी पडते. तसंही स्पॉटिफाय ऐकणाऱ्याला गाणी साधारण -१४ च्या आसपास आणूनच वाजवतं, त्यामुळं नुसत्या मोठेपणाच्या मागं लागून तिथं हाती काही लागत नाही.

प्लगिनचीही (आवाज बदलायला सॉफ्टवेअरमध्ये लावतो त्या साधनांची) परीक्षा अशीच घ्या. प्लगिन लावल्यावर आवाज जेवढा वाढला तेवढा आउटपुट कमी करा, मग डोळे मिटून बायपासचं बटण भराभर दहा-बारा वेळा दाबा, म्हणजे चालू आहे का बंद हे विसरायला होतं. आता थांबून ऐका आणि कुठलं आवडतं ते आधी बोला, डोळे नंतर उघडा. डोळे उघडे असले की स्क्रीनवरचा ईक्यूचा (बेस-ट्रेबल कमी-जास्त करायच्या साधनाचा) डोंगर बघूनच कान मान हलवतो.

मग घड्याळ बघा

किती वेळ झाला बसून? सलग दोन तास झाले असतील तर पुढं काही तपासू नका, उठा.

इथं एक प्रसंग सांगतो, कारण हे मला त्यातूनच कळलं. खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या भजनी मंडळाचा अभंग होता. पखवाज, पेटी, एक मुख्य आवाज आणि मागं चौदा टाळकरी. आमच्याकडं दिवसभर शेजारी मागाचा खटखटाट असतो, म्हणून मी रात्री माग बंद झाल्यावर बसायचो. साडेनऊला बसलो, टाळ जरा मंद वाटले म्हणून सहा हजार हर्ट्झला दीड डीबी दिला. अकराला परत मंद वाटले, परत दिला. एक वाजता वरती आणखी शेल्फ लावला, म्हणजे वरची सगळी पट्टीच उचलली, अडीचला खूश होऊन झोपलो. सकाळी बायकोनं स्वयंपाकघरातनं विचारलं, "हे काय लावूलास? दात शिवशिवूलेत की." खरंच टाळ टाचणीसारखे टोचत होते आणि बुवांचे स, श, च सगळे त्याच्याखाली गाडले गेले होते.

झालं काय होतं, तर टाळांच्या त्या धारदार आवाजानं माझा कान तासागणिक वरच्या पट्टीत बधिर होत गेला. मोठ्या आवाजात बराच वेळ राहिलं की ऐकू येण्याचा उंबरठा तात्पुरता वर सरकतो आणि तो साधारण तीन ते सहा हजार हर्ट्झमध्ये जास्त सरकतो, म्हणजे नेमका जिथं टाळ असतात आणि शब्दांची धार असते तिथंच. कान जेवढा बधिर होत होता तेवढा मी ट्रेबल वाढवत होतो आणि वाढवलेला ट्रेबल कानाला आणखी बधिर करत होता. त्या रात्री मी मिक्स दुरुस्त करत नव्हतोच, माझ्या थकलेल्या कानाला पुरेल असा चष्मा गाण्याला लावत होतो. सकाळी टाळांचे सगळे ईक्यू काढून टाकले, फेडर तीन डीबी खाली आणला आणि वीस मिनिटांत अभंग जाग्यावर आला.

तेव्हापासून नियम असा की पाऊण तास काम आणि दहा मिनिटं खोलीच्या बाहेर, फोनवर गाणं न लावता. कामाच्या जागी कानाला सोसेल असं माप ८५ डीबीला दिवसात आठ तास असं धरतात आणि दर तीन डीबीला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चार तास आणि ९४ ला एकच तास. फोनवर मोजायचं ॲप टाकून एकदा आपल्या खोलीत बघा, अंदाज तरी येतो. आणि शेवटचा निर्णय रात्री अजिबात नाही. सकाळी पहिल्यांदा लावायचं तेव्हा माऊसला हात न लावता, कागद-पेन घेऊन, एकदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं आणि सुचेल ते लिहायचं. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे लिहून होतं ते सोन्यासारखं असतं, कारण तेवढाच वेळ कान परका असतो. दुसऱ्यांदा ऐकलं की तो परत घरचा होतो.

गाणं लिहिण्याच्या पातळीवर हे अंतर दिवसांचं नाही तर आठवड्यांचं लागतं. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं गाणं क्षयाच्या आजारामुळं काही वर्षं पूर्ण बंद होतं. देवासला अंथरुणावर असताना माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली आणि नंतर ते गायला उभे राहिले ते वेगळेच होऊन. ती आजारपणाची सक्ती होती, तशी वेळ कुणावर न येवो, पण गाणं बंद असताना कानाचं काम चालूच असतं हे मला त्यातनं पटतं. नवीन चाल झाली की मी ती रेकॉर्ड करून तारीख घालून ठेवतो आणि पंधरा दिवस उघडत नाही.

जागा बदलून ऐका

गाणं लावा आणि शेजारच्या खोलीत जा, दार उघडं ठेवून. नाश्ता करा, कुणाशी तरी बोला. ज्या गोष्टीनं तुमचं बोलणं मध्येच तुटतं ती गोष्ट मिक्समध्ये जास्त आहे. दाराबाहेर स्टेरिओ वगैरे काही राहत नाही, नुसता तोल राहतो, म्हणून ही परीक्षा खरी.

नंतर फोनच्या स्पीकरवर आणि मोनोमध्ये. मोनो केल्यावर एखादं वाद्य गायब झालं किंवा पोकळ झालं तर ते फेजचं भांडण आहे, म्हणजे दोन ट्रॅकमधल्या आवाजाच्या लाटा एकमेकींना खोडतायत. पखवाजाला दोन माइक लावलेले असतील तर हटकून होतं, एका ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा आणि जिथं धुम (पखवाजाची जाड आवाजाची बाजू) भरतो ते ठेवा. मंडळाच्या गाण्यांना तर मोनो फारच महत्त्वाचा, मिरवणुकीत ट्रॉलीवरचे स्पीकर बहुतेक मोनोच असतात. माझा एक दोस्त निपाणी-चिकोडी बाजूला वडाप (प्रवासी गाडी) चालवतो. त्याच्या गाडीत, इंजिन चालू असताना, मागच्या सीटवर बसून ऐकलं की शब्द टिकतात का ते कळतं.

पावसाळ्यात एक सांभाळा. आमच्याकडं जून-जुलैत पत्र्यावर पाऊस लागला की थांबतच नाही, त्या आवाजात रिव्हर्बची (गाण्याला दिलेल्या घुमाऱ्याची) शेपटी ऐकू येत नाही आणि माणूस रिव्हर्ब वाढवत जातो. पाऊस थांबल्यावर गाणं विहिरीतनं आल्यासारखं. अशा दिवशी एडिटिंग करा, तोल ठरवू नका.

गाणंच थोडं अनोळखी करा

डावं-उजवं चॅनल उलटं करा. एवढ्यानंसुद्धा गाणं पाच मिनिटं नवीन वाटतं. चालीबद्दल शंका असेल तर अख्खं गाणं दोन अर्धस्वर खाली किंवा वर सरकवून ऐका, काळी एकचं काळी दोनमध्ये. कुणीतरी दुसऱ्यानंच गायल्यासारखं वाटतं आणि कंटाळवाणी जागा लगेच टोचते. त्याहून चांगलं म्हणजे सगळं बंद करून नुसत्या पेटीवर, दुसऱ्या कुणाला तरी गायला सांगा. पेटीवर उभी न राहणारी चाल तीस ट्रॅक लावूनही उभी राहत नाही, हे मी अनुभवानं अगदी ठामपणे सांगतो.

सवयीचं एक लक्षात घ्या. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी माणसाला ती जास्त आवडायला लागते. आपण आपला कच्चा डेमो शंभर वेळा ऐकलेला असतो, म्हणून त्यातला बेसूर टेकसुद्धा (एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) प्रिय होतो आणि नवा सुरेल टेक परका वाटतो. याच्यावर उपाय म्हणजे दोन्ही टेक सारख्या आवाजाचे करून, नावं बदलून, ज्यानं डेमो कधीच ऐकला नाही अशा माणसापुढं ठेवा. कधी कधी डेमोच जिंकतो, मग तोच ठेवायचा, काहीच हरकत नाही.

दुसऱ्याचा कान

ही पायरी फुकट आहे, पण अवघड आहे, म्हणून एवढ्या खाली.

"कसं वाटलं?" असं विचारू नका. मित्र "मस्त" म्हणणार, घरचे "छान" म्हणणार आणि तुम्ही होता तिथंच राहणार. ठराविक काम द्या. एकदाच ऐकवून कागदावर शब्द लिहून द्यायला सांगा. कुठं फोनकडं लक्ष गेलं ते सांगायला सांगा. संपल्यावर तासाभरानं कुठली ओळ आठवते ते विचारा.

शब्दांचं काम दुसऱ्यालाच का द्यायचं, तर आपल्याला शब्द पाठ असतात आणि पाठ असलेला शब्द कान स्वतःच भरून घेतो. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका शब्दातला एक उच्चार कापून त्या जागी खोकल्याचा आवाज टाकला, तरी ऐकणाऱ्यांना शब्द अखंडच ऐकू आला. तिथं तर ऐकणारे तिऱ्हाईत होते. आपण स्वतः लिहिलेला अंतरा, तो तर टाळांखाली पूर्ण गाडला तरी आपल्याला ऐकू येतच राहणार. म्हणून "शब्द कळंनात" असं कुणी म्हटलं की वाद घालू नका, ते खरंच असतं.

या बाबतीत आपल्या भागाचं मोठं भाग्य आहे. आपल्या गल्लीत मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू सगळं कानावर असतं. मी मराठी गाणं आधी माझ्या एका कन्नड दोस्ताला ऐकवतो, तोही गातो, त्याला मराठी जुजबीच येतं. त्याला अर्थ अडवत नाही, त्यामुळं तो नुसती चाल आणि तोल ऐकतो. एकदा म्हणाला, "अण्णा, दुसरं कडवं पहिल्याच जागेवर येऊन बसतं, वर जायला पाहिजे." तीन आठवडे मी त्या कडव्याचे शब्द बदलत बसलो होतो, दुखणं चालीत होतं. शब्दांसाठी मात्र मराठी घरातला, गाणं कधीच न ऐकलेला माणूस. एका कानाकडनं दोन्ही कामं मागू नका.

आणखी एक जाणवेल. कुणी शेजारी नुसतं येऊन बसलं, एक अक्षर बोललं नाही, तरी आपल्याला अचानक चुका ऐकू यायला लागतात. सुरुवात लांब वाटते, तो आवडता सोलो जड होतो. त्या क्षणी जे वाटलं ते लिहून ठेवा, माणूस उठून गेला की ते पण जातं.

एवढं करूनही दर वेळी तीच चूक येत असेल तर खोली

प्रत्येक गाण्यात बेस बाहेर जास्तच निघतो किंवा कमीच निघतो, असं असेल तर दोष मनाचा नाही, भिंतींचा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झ आणि बारा फुटांमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज अडकून घुमतो. बेस गिटारची ए ची मोकळी तार ५५ हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ तिथंच. गंमत अशी की भिंतीपाशी तो स्वर प्रचंड वाढतो आणि खोलीच्या अगदी मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची मध्यावर असेल तर तुम्हाला बेस कमी वाटणार, तुम्ही वाढवणार आणि बाहेर गेल्यावर सगळं ढबढब.

तपासायचं असं, ४० ते १२० हर्ट्झपर्यंत साधा साइन टोन (एकाच स्वराचा शुद्ध आवाज) हळूहळू वर न्या आणि खुर्चीवर बसून कुठं उडतो, कुठं बुडतो ते लिहा. मग आधी फुकटातला उपाय, टेबल-खुर्ची लांबीच्या दिशेनं मध्यापासून पुढं सरकवा आणि परत ऐका. भिंतीला गोधड्या, अंड्यांचे ट्रे लावायचा मोह होतो, पण त्यानं फार तर वरचा आवाज थोडा दबतो, बेस जिथल्या तिथं राहतो, उलट खोली आणखी कोंदट. बेसला कोपऱ्यात चार-सहा इंच जाड रॉकवूल (दगडी लोकर) लागतं, त्याला पैसे आहेत. तोपर्यंत बेसचा निर्णय चांगल्या हेडफोनवर घ्या.

थांबायचं कुठं

कानात सतत शिट्टी वाजतेय, दोन कानांत फरक वाटतोय, मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशीही कान भरलेलाच आहे, असं असेल तर मिक्स बंद आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जाऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. आणि एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतात, नंतर कानात थेंब टाकत बसून काही परत येत नाही.

कान ठीक आहे, पण तीन वेगवेगळ्या सकाळच्या कागदांवर एकमेकांच्या उलट लिहिलेलं सापडतंय, किंवा आठवडाभर बदल करून शेवटी जुन्याच फाईलवर येताय, तर ते गाणं आता तुमच्या हातनं पुढं जाणार नाही. मिक्सवाल्याकडं द्या. आवाज फाटलेला असेल, मूळ रेकॉर्डिंगमध्येच खोली घुमत असेल तर त्याच्याही आधी परत रेकॉर्ड करा, ते मिक्समध्ये निघत नाही. लिहिण्यातला गुंता असेल तर एखाद्या जाणत्या बुवांकडं किंवा चाली लावणाऱ्याकडं नुसती पेटी घेऊन जा, लॅपटॉप नको.

देताना सगळे ट्रॅक २४ बिट वेव्हमध्ये, एकाच शून्यापासून सुरू होणारे, मास्टरवरचा (सगळ्या गाण्यावर एकत्र लावलेला) लिमिटर, म्हणजे आवाजाला वरची मर्यादा घालणारं साधन, काढून. प्रत्येक फाईलला नाव नीट द्या, ऑडिओ ४७ असं नको, पखवाज धुम, टाळ डावे, बुवा मुख्य असं. सोबत तुमचा रफ मिक्स द्या आणि एका कागदावर फक्त तीन गोष्टी लिहा, काय हलवायचं नाही, काय खटकतंय आणि कुठल्या गाण्याच्या जवळ जायला पाहिजे. त्याचा पहिला मिक्स आला की लगेच उत्तर पाठवू नका, सकाळी ऐका, आवाज सारखा करून, बारीक.